पाकीट परत केल्यानंतर

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्चेसला आहे. गाड्यांचे छोटे सुटे भाग आम्ही बनवतो आणि ते ज्या खोक्यांतून बाहेर जातात ती खोकी घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पाच प्लायचा म्हणजे पाच थरांचा खोका, कागद किती जीएसएमचा म्हणजे किती जाड-वजनदार, बर्स्टिंग किती म्हणजे किती दाबाला फाटतो, तीन कोटेशनं, त्यांच्या तुलनेचा कम्पॅरेटिव्ह, मग पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर. बाहेरून कंटाळवाणं दिसणारं काम आतूनही तितकंच कंटाळवाणं आहे. पण त्यातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. कागद जरा हलका वापरला की खोक्यामागे काही पैसे सुटतात आणि त्यातले थोडे पर्चेसवाल्याच्या घरी पोचतात.

खोकी पुरवणाऱ्या आमच्या एका वेंडरनं दिवाळीला काजूकतलीचा बॉक्स आणला. वर मिठाईचा थर, खाली पाकीट. मी पाकीट त्याच्या हातात परत दिलं, मिठाई ऑफिसच्या टेबलावर सगळ्यांसाठी उघडून ठेवली, त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडलं. (चहाचं म्हणाल तर पुण्यात आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चहाला इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि मंडळी चहा प्यायली आणि त्यावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. मी पाजलेला चहा मात्र कोणाला बाधला नाही.)

यात धैर्य वगैरे काही नव्हतं. आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील पोस्टात. घरात ‘वरचा पैसा’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली यायचा. अशा घरातून आलेल्या माणसाचा हात पाकिटाकडे जातच नाही, त्याचं श्रेय त्या माणसाला फारसं नसतं. शिवाय मी जरा भित्राही आहे.

मला लिहायचंय ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. मोहाविषयी आमच्याकडे जे उपदेश होतात ते बहुतेक पाकीट परत करण्यापाशी थांबतात. बायबलमधला योसेफ मोह घालणाऱ्या मालकिणीच्या, पोटीफरच्या बायकोच्या, हातात वस्त्र टाकून पळाला, आमेन. पण योसेफ पुढे तुरुंगात गेला, आणि तिथं रात्री त्याच्या डोक्यात काय काय आलं असेल यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. सैतानानं रानात घेतलेल्या येशूच्या परीक्षेची गोष्ट सांगतानाही लूकच्या शुभवर्तमानातलं एक वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. सैतान सगळ्या परीक्षा संपवून ‘संधी मिळेपर्यंत’ येशूला सोडून गेला. म्हणजे परत यायचं ठरवूनच गेला.

माझ्याकडे तो पहिल्यांदा परत आला तेव्हा त्यानं रविवारचे कपडे घातले होते. दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या घरोघरीच्या प्रार्थनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, माझी पाळी होती. वडगाव शेरीत आमची काही कुटुंबं आळीपाळीनं एकमेकांकडे जमतात, दोन गीतं, वाचन, साक्ष, मग चहा-पोहे. मी मनात साक्ष तयार करत होतो. खोक्याचा थर, पाकिटाची जाडी, वेंडरचा पडलेला चेहरा, सगळं क्रमानं लावलं होतं. कुठं थांबायचं तेही ठरवलं होतं. बायकोला म्हणून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, साक्ष प्रभूची द्यायची का तुमची?”

मी त्या दिवशी साक्ष दिली नाही, एक स्तोत्र वाचलं. पण तो तयार केलेला मजकूर डोक्यातून जाईना. ऑफिसात जेवताना दुसऱ्या खात्यातला कोणी कमिशनचा विषय काढायचा आणि माझ्या आत कोणीतरी ताठ होऊन बसायचं. बाकीच्यांकडे बघायची नजर बदलली. ही नजर मला आवडत नव्हती, आणि आवडतही होती.

डिसेंबरात वारं फिरलं. आमच्याच मजल्यावरच्या एकानं नवी गाडी घेतली. ती कुठल्या पैशातून आली हे मला ठाऊक नाही. प्रामाणिकपणे कर्ज काढून घेतली असेल. पण मला ‘ठाऊक’ होतं. त्याच सुमारास मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचा पुढचा हप्ता आला. तो वेंडरही बदलला होता. पूर्वी सकाळी सांगितलेला माल दुपारी यायचा, आता दोन दिवस लागायचे. लाइन थांबली की साहेब मला बोलवायचे. म्हणाले, “तुम्ही माणसं जरा सांभाळून घेत जा.” कसं सांभाळून घ्यायचं ते बोलले नाहीत.

आणि मग युक्तिवाद सुरू झाले. ते इतके नीट, इतके वकिली होते, की आजही मला त्यांचं कौतुक वाटतं. तू सरकारी नोकर नाहीस. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा सरकारी नोकरांचा, तुला तो लागत नाही, तेव्हा याला लाच म्हणायचं कशाला. कंपनीचं नुकसान नाही, रेट तर तोच आहे. घे आणि दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवाला दे. दशांश कशाला, अर्धे दे. मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, छताचं काम अडलंय. मुलगा तुझा, त्याच्या शिक्षणाला तू नाही बघायचं तर कोणी. यातला एकही विचार मला ‘सैतान’ म्हणून ओळखू आला नाही. सगळे माझ्याच आवाजात, माझ्याच मराठीत बोलत होते. रात्री तीनच्या सुमाराला जाग यायची आणि कोर्ट भरायचं.

सगळ्यात वाईट रविवार असायचा. चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, रांगेत उभं राहिलं की दुसराच आवाज. आता तो वकील नसून सरकारी पक्ष. इतके दिवस मनात पैसेच मोजतोयस आणि इथं हात पसरून उभा आहेस? पाकीट परत केलंस ते भीतीनं, देवासाठी नाही. तू ढोंगी आहेस. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सैतानाला बंधूंना दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस दोष देणारा. मला ते वचन लहानपणापासून पाठ होतं, पण दोष देणारा आणि मोह घालणारा एकच, आणि तो एकाच आठवड्यात दोन्ही कामं करतो, हे तोवर लक्षात आलं नव्हतं. शनिवारी म्हणायचं घे, रविवारी म्हणायचं तुझ्या मनात आलंच कसं.

प्रार्थना कोरडी झाली. वाचायला बसलो की ओळी डोळ्यांखालून जायच्या. मी घरात चिडचिडा झालो होतो हे मला इतरांनी सांगितलं.

इथं आमच्या मावशींचा प्रवेश. मावशी प्रेमळ आहेत आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत कोणाचा तरी हात दिसतो. त्यांनी माझा चेहरा बघून ठरवलं की कोणीतरी करणी केलीय, बहुतेक त्या वेंडरनंच. त्या मला एका हॉलमधल्या सुटकेच्या, म्हणजे भुतं काढण्याच्या, सभेला घेऊन गेल्या. मोठ्या आवाजात गाणी, तेल लावणं, माणसं पडणं. स्टेजवरच्या भाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की माझ्यावर लोभाचा आत्मा आहे आणि तो आजच निघेल. नंतर एक स्वयंसेवक आला आणि म्हणाला की सुटका पक्की व्हायची तर ‘बीज’ पेरावं लागतं, निदान इतके इतके. लोभाचा आत्मा घालवायला पैसे! मला तिथंच हसू फुटलं आणि मावशी रागावल्या.

हे लिहिताना मी सावध आहे. मला सैतान ही गोष्ट खोटी वाटत नाही. दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतः पक्की करण्याच्या विधीत, मी मंडळीसमोर उभं राहून त्याला नाकारलंय, ते काही अलंकारिक बोलणं नव्हतं. पण हे तेच पुणं आहे जिथं २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षी ज्या कायद्यासाठी ते झिजले तो जादूटोणाविरोधी कायदा राज्यात झाला. भुताच्या नावाखाली माणसाला मारणं, लुटणं, घाबरवणं यावरचा तो कायदा आम्हा ख्रिस्ती लोकांनाही लागू आहे आणि लागू असावा. येशूनं भुतं काढली, पण कोणाकडून त्यासाठी पैसा घेतल्याचं शुभवर्तमानात कुठंही नाही. आणि करणीच्या भाषेत आणखी एक सोय असते. माझ्या आत जे चाललंय त्याची जबाबदारी सरळ वेंडरच्या माथी जाते. याकोब मात्र आपल्या पत्रात स्पष्ट लिहितो की प्रत्येक जण स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. मला वाटलं ते गुडघे टेकायला सांगतील. त्यांनी विचारलं, “झोप कशी आहे? डबा वेळेवर खाता का? शुगर शेवटची कधी तपासली?” मी जरा नाराजच झालो. मी आत्मिक युद्धाबद्दल विचारायला गेलो होतो. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचायला लावला. त्याच्या आधी कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याचा एवढा मोठा विजय झाला, बआल दैवताचे सगळे संदेष्टे हरले, आणि दुसऱ्याच अध्यायात तो झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतोय. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो. एलीया खातो, झोपतो, परत उठून खातो. “आधी हे करा,” पाळकसाहेब म्हणाले, “मग आपण सैतानाचं बघू.” त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली आणि रात्री तीनचं कोर्ट बंद झालं नाही, पण त्याची तारीख पुढे पडायला लागली.

पाळकसाहेबांनी आणखी एक गोष्ट केली जी माझ्या आजोबांना कदाचित रुचली नसती. त्यांनी मला एका कॅथलिक फादरांकडे पाठवलं. नगर रस्त्यावर रामवाडीजवळ पेपल सेमिनरी आणि येशूसंघाचं म्हणजे जेझुइट फादरांचं डी नोबिली कॉलेज आहे. मी रोज त्या बाजूनं जातो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फादर आणि पाळकसाहेब जुने मित्र. फादर वयस्कर, मराठी उत्तम. त्यांनी मला येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांचे नियम समजावून सांगितले. १५२१ साली पँपलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडलेला हा सरदार अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःच्या मनाची नोंद घ्यायला लागला. कुठला विचार आला की नंतर बराच वेळ शांत वाटतं आणि कुठला विचार येताना गोड लागतो पण मागे कोरडेपणा ठेवून जातो, हे तो तपासायचा. पुढे त्यातून नियम झाले.

त्यातला एक नियम मला औषधासारखा लागू पडला. मन अंधारात असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. बास. अंधारात नवा निर्णय घ्यायचाच नाही. मी रोज रात्री तीन वाजता पाकिटाचा खटला परत उघडत होतो, आणि खटला उघडायचाच नाही अशीही एक सोय असते हे मला सुचलंच नव्हतं.

दुसरा नियम गुपिताचा. शत्रूला सगळ्यात जास्त नको असतं ते म्हणजे माणसानं त्याचं बोलणं तिसऱ्याला जाऊन सांगणं. तिसरा नियम इग्नाशियस सेनापतीच्या उपमेनं सांगतो. सेनापती किल्ल्याभोवती फिरून सगळ्यात कच्ची बाजू हेरतो आणि तिथूनच चढतो. फादर म्हणाले, “सिंहगड घ्या. कोंढाण्यावर दरवाजे होते, पहारे होते. मावळे आले कुठून? द्रोणागिरीच्या कड्यावरून, जिथून कोणी येणार नाही म्हणून पहारा ढिला.” मग स्वतःच थांबले. उपमेत तानाजी भलत्याच बाजूला जात होता. “तुम्ही फक्त उदयभानाच्या जागी स्वतःला ठेवा, तानाजीला यात ओढू नका,” असं म्हणून ते हसले. मग विचारलं, “तुमचा कडा कुठला?”

मी म्हणालो, पैसा. ते म्हणाले, पाकीट तर तुम्ही परत केलंत, तिथं पहारा चांगला दिसतोय. जरा फिरून या किल्ल्याभोवती.

त्या फिरण्यात बरेच आठवडे गेले. भोसरीहून परतताना दिघी, कळस, विश्रांतवाडी असा मी गाडीवर येतो. मॅगझिन चौकात सिग्नलला अडकलो की हाच प्रश्न. आणि हळूहळू जे दिसलं ते पैशापेक्षा लाजिरवाणं होतं. मला पैसे नको होते. मला कोणी ‘येडा’ म्हणू नये हे हवं होतं. लहानपणी गावात ‘मास्तरचं भोळं पोरगं’ म्हणायचे. ऑफिसात कोणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण माझ्या डोक्यात सगळे हसत होते. ती नवी गाडी मला टोचत होती ती गाडीसाठी नव्हे, मी मूर्ख ठरलो याचा पुरावा म्हणून. सगळे वकिली युक्तिवाद या एका कड्यावरून वर येत होते. पैशाच्या दरवाजावर मी कितीही वचनं लावली असती तरी उपयोग नव्हता. बायबलमधल्या निर्गम पुस्तकातलं, लाच डोळसांना आंधळं करते, हे वचन मी महिनाभर म्हणत होतो. वचन खरं आहे, पण माझा झगडा तिथं नव्हता.

राख बुधवारी ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला तेव्हा मी एक साधी गोष्ट सुरू केली. फादरांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या इव्हाग्रियस नावाच्या साधूबद्दल सांगितलं होतं. चौथ्या शतकातला माणूस, ३९९ साली वारला. मनात येणारे मोहाचे विचार तो नावानिशी ओळखायचा आणि प्रत्येकासमोर शास्त्रातलं एक वचन ठेवायचा. येशूनं रानात सैतानासमोर ‘अनुवाद’ या पुस्तकातली वचनं ठेवली तीच पद्धत. मी जुन्या कोटेशनच्या कोऱ्या पाठीवर मधोमध रेघ मारायचो. डावीकडे विचार, जसा आला तसा, सभ्य न करता. उजवीकडे वचन. ‘सगळे हसतात तुला’ याच्यासमोर बरेच दिवस काही सापडलं नाही. मग ७३ वं स्तोत्र सापडलं.

ते मी पूर्वी वाचलं नव्हतं असं नाही. पण त्याचा कवी आसाफ इतकं उघड बोलतो हे दिसलं नव्हतं. दुर्जनांचा उत्कर्ष बघून मला हेवा वाटला, माझे पाय घसरणारच होते, मी मन शुद्ध ठेवलं ते व्यर्थच, असं तो देवाच्या तोंडावर सांगतो. आणि देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याला उलगडतं ते फक्त दुर्जनांचं काय होणार एवढंच नाही, पुढे तो स्वतःला म्हणतो की मी तुझ्यासमोर पशूसारखा होतो, तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे. पशूसारखा, तरी जवळ. रविवारच्या त्या सरकारी वकिलाला यापेक्षा चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही. हो, माझ्या मनात पैसे येतात. हो, हेवाही वाटतो. तरी मी रांगेत उभा आहे. मनात विचार येणं आणि त्याला घरात पाट मांडून बसवणं यातला फरक मला त्या स्तोत्रानं शिकवला.

काय उपयोगी पडलं नाही तेही सांगतो. ‘येशूच्या रक्तानं झाकतो’ हे वाक्य मी सुरुवातीला एखाद्या मंत्रासारखं पुटपुटायचो, जितक्या वेळा तितकं सुरक्षित. त्यानं उलट धास्ती वाढली. मध्येच एखादी वेळ चुकली तर काय, अशी. यूट्यूबवरचे आत्मिक युद्धाचे व्हिडिओ बंद केले. त्यात शत्रूच्या पदांची, हुद्द्यांची इतकी माहिती असते की प्रभूला बोलायला जागाच उरत नाही. पूर्ण दिवसाचा उपास गोळीमुळे डॉक्टरांनी नको म्हटला, म्हणून शुक्रवारी दुपारचा डबा साधा नेला आणि जेवणाच्या सुट्टीतला कमिशनचा विषय टाळायला शॉपफ्लोअरवरच्या पोरांबरोबर बसलो. हा उपास मला जड गेला आणि मानवलाही. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. हे बायकोचं डोकं.

सगळ्यात उपयोगी पडला तो गुपिताचा नियम. संगमनेरला माझा एक बालमित्र आहे, संडेस्कूलपासूनचा, आता शाळेत शिकवतो. त्याला मी दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करतो आणि त्या आठवड्याचे कागद वाचून दाखवतो, डावी बाजू आधी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “एवढंच? माझी डावी बाजू ऐकशील तर फोन ठेवशील.” आता तोही वाचतो. मोठ्यानं वाचलेला मोह कितीदा तरी हास्यास्पद ठरतो. ‘मंडळीच्या छतासाठी घे’ हा युक्तिवाद मी त्याला वाचून दाखवला तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. तीन वाजता मात्र तो मला धर्मशास्त्रासारखा वाटला होता.

मित्रानंच एक अवघड काम लावलं. म्हणाला, त्या वेंडरसाठी नाव घेऊन प्रार्थना कर. इफिसकरांस पत्रात पौल शस्त्रसामग्रीचं लिहितो, सत्याचा कमरबंद, विश्वासाची ढाल, ते आपण संडेस्कूलमध्ये पुठ्ठ्याचं करून घालायचो. पण त्याच्या आधीचं वाक्य आपण खेळात घेत नव्हतो. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. म्हणजे वेंडर शत्रू नाही. मी नाव घेऊन प्रार्थना करायला लागलो आणि अडखळलो, कारण त्या माणसाबद्दल मला रेटशिवाय काहीच माहीत नव्हतं. पोरं किती, घर कुठं, काही नाही.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा विचारलं. त्यालाही नवल वाटलं. मग बोलत बोलत त्यानं सांगितलं की कागदाच्या मिलला त्याला महिन्यात पैसे द्यावे लागतात आणि आमच्यासारख्या कंपन्या बिल तीन-तीन महिने लटकवतात. मधल्या काळात तो व्याजानं पैसे उचलतो. “साहेब, पाकीट ऑर्डरसाठी नसतं. बिल पुढं सरकावं म्हणून असतं. सगळीकडं तसंच करावं लागतं.” मी काही बोललो नाही. मी कित्येक महिने ज्या पाकिटाला सैतानाचं हत्यार समजत होतो, ते देणाराच दुसऱ्या कोणाच्या तरी पकडीत होता, आणि त्या पकडीचं एक टोक आमच्याच अकाउंट्स खात्यात होतं.

यावर प्रार्थना करून थांबता येईना. लघु उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात आणखी एक तरतूद आलीय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरावा लागतो. मी वेंडरांची उद्यम नोंदणी प्रमाणपत्रं, म्हणजे लघु उद्योग असल्याचे दाखले, गोळा केली, कोणाचं बिल किती दिवस अडलंय त्याचा तक्ता केला आणि कंपनीतल्या साहेबांसमोर ठेवला. न्यायाच्या गोष्टी बोललो नाही, टॅक्सच्या बोललो. टॅक्स त्यांना लगेच समजला. अकाउंट्सवाल्यांनी बरीच कुरकुर केली. पण आता लहान वेंडरांचं पेमेंट महिन्यातून दोन ठरलेल्या तारखांना निघतं. खोक्यांचा माल परत सकाळी सांगितला की दुपारी येतो. कागदही मी अधूनमधून वजन करून बघतो, विश्वास असला तरी.

तक्ता मंजूर झाला त्या संध्याकाळी मी गाडीवर शीळ घालत निघालो आणि कळसच्या आसपास लक्षात आलं की मी पुन्हा साक्ष तयार करतोय. या वेळी आणखी मोठी, त्यात कायद्याची कलमंही होती. इव्हाग्रियसनं हेही लिहून ठेवलंय म्हणे. बाकीचे सगळे विचार हरले की पोकळ अभिमान पुढे येतो आणि माणसाला त्याच्या सद्गुणांची यादी वाचून दाखवतो. सोळाशे वर्षांपूर्वी वाळवंटात बसलेल्या माणसाला आळंदी रोडवरचा मी इतका नीट कसा ठाऊक, कळत नाही. घरी पोचल्यावर ते डाव्या रकान्यात लिहिलं. उजवीकडे पेत्राच्या पत्रातलं, सावध असा, जागे राहा.

मावशींना मी सांगितलं की करणी नव्हती. त्यांना पटलेलं नाही. त्या माझ्यासाठी रोज प्रार्थना करतात आणि त्यातली एकही वाया गेली असं मी म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात कंपनीतल्या साहेबांनी खोक्यांबरोबर टूलिंगचं, म्हणजे भाग बनवायच्या साच्यांचं आणि हत्यारांचं, पर्चेसही माझ्याकडे दिलं. “तुमच्यावर भरवसा आहे,” म्हणाले. खोक्यांत पैशापैशाचा हिशेब चालायचा, टूलिंगमध्ये तो लाखांत चालतो, आणि तिथले वेंडर मिठाई आणत नाहीत, सहकुटुंब जेवायला बोलावतात. एकाचं बोलावणं आलंही आहे, कोरेगाव पार्कला, मुलाच्या इंटर्नशिपबद्दलही बोलू म्हणाला. मी हे शुक्रवारी मित्राला डाव्या बाजूचं पहिलं म्हणून वाचून दाखवलं. तो म्हणाला, जेवायला जाऊ नकोस, चहाला ऑफिसात बोलव. आणि इथून पुढे फक्त शुक्रवार पुरायचा नाही, मंगळवारीही फोन करत जा.